सुखरूप उतरवणारी शाळा : बॉम्बे फ्लाइंग क्लबची वाटचाल

जुहूच्या किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जमिनीवर 1928 साली नागरी विमानांसाठी मैदान तयार झाले आणि त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब अस्तित्वात आला. येत्या 2028 मध्ये या संस्थेला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या काळी आमचे डोंगरकडा गाव हैदराबाद संस्थानात होते आणि मुंबई म्हणजे परमुलूख. विमान या वस्तूशी तर खेड्यातल्या कुणाचा संबंध येण्याचे कारणच नव्हते. आज डोंगरकड्याहून नांदेडचा विमानतळ रस्त्याने तासाभरावर आहे. नांदेड–हैदराबाद विमानसेवा 27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी सुरू झाली, आणि वैमानिक व्हायचे म्हणणारी मुले-मुली आता हिंगोली, नांदेड, परभणीतही भेटतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी या क्लबचा इतिहास थोडा वेगळ्या बाजूने सांगावासा वाटतो. क्लबचे नाव निघाले की पहिला परवाना, पहिली टपाल-फेरी, विक्रम यांची उजळणी होते. ती मीही करणार आहे. पण माझ्या मते या संस्थेचे खरे काम त्यापलीकडचे आहे. हलक्या विमानात बसणाऱ्या साध्या माणसाला सुखरूप खाली कसे यायचे हे तिने शिकवले आणि ते शिकवण्याची एक रीत या देशात रुजवली.

क्लबच्या जन्मामागे सरकारी धोरण होते. 1927 मध्ये एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिच्या पाठबळाने आणि सरकारी मदतीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि कराची येथे उड्डाण क्लब सुरू झाले. उद्देश दुहेरी होता. हौशी लोकांना उडायला मिळावे, आणि वेळ पडल्यास देशाच्या हाताशी थोडेफार प्रशिक्षित वैमानिक असावेत. सुरुवातीचे सदस्य बहुतेक गोरे अधिकारी आणि मुंबईतले सधन तरुण, त्यांत पारशी बरेच. खर्च पाहता दुसरे कोण येणार होते?

शिकवायला असे ते ‘मॉथ’ विमान. इंग्लंडच्या जेफ्री डी हॅविलंड यांनी बनवलेले हे पंखांच्या दोन जोड्यांचे, दोन उघड्या बैठकांचे विमान 22 फेब्रुवारी 1925 रोजी प्रथम उडाले. पुढे त्याला शंभर अश्वशक्तीचे ‘जिप्सी’ इंजिन बसले आणि ‘जिप्सी मॉथ’ हे नाव जगभर झाले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, मागे चाकाऐवजी जमिनीवर घासत येणारी पट्टी, ब्रेक नाहीत, रेडिओ नाही. पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचे. शिक्षक आणि विद्यार्थी पुढेमागे बसत आणि एका नळीतून एकमेकांशी बोलत. हे विमान सावकाश उडे, सावकाश उतरे आणि चूक केली तर लगेच दाखवून देई. शिकण्याच्या दृष्टीने ते गुण होते, पण त्यामुळे ते सुरक्षित ठरत नव्हते. ब्रेक नसलेले विमान वाऱ्याकडे तोंड करूनच उतरवावे लागे. म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पाहणे हा शिकवणीतला अगदी आरंभीचा धडा असे.

याच मैदानावर जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी, शिकले. फ्रान्समध्ये हार्डलो येथे त्यांचे बालपणीचे उन्हाळे गेले. इंग्लिश खाडी 1909 साली विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ तिथले त्यांचे शेजारी. त्यामुळे विमानाचे वेड लहानपणीच लागले होते. क्लबमध्ये शिक्षकाबरोबरची उड्डाणे चार तासही भरली नव्हती, तेवढ्यात त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. 10 फेब्रुवारी 1929 रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना, क्रमांक 1. आजच्या नियमांत चार तासांत एकट्याने उड्डाण ही कल्पनाही करता येत नाही, आणि हा बदल चांगल्यासाठीच झाला आहे.

पुढच्याच वर्षीची एक गोष्ट नेहमी दिलदारपणाची म्हणून सांगतात. मला तिच्यात सुरक्षिततेचा धडाही दिसतो. इंग्लंड आणि भारत यांच्यात एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी 500 पौंडांचे बक्षीस लावले होते. मे 1930 मध्ये जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे येत होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि पुढे बक्षीस अस्पींनी जिंकले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे 1960 मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जेआरडी प्लग देऊ शकले ते मुळात सामानात जादा प्लग घेऊन निघाले होते म्हणून. वाटेत काय बिघडू शकते याचा विचार त्यांनी निघण्याआधीच केला होता.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरले, ते बैलगाडीतून डब्यांनी आले होते, आणि दुपारी ते जुहूला उतरले. भारतीय हवाई वाहतुकीची सुरुवात या दिवसापासून मोजतात. पण त्या हंगामानंतर काय झाले तेही पाहायला हवे. जुहूचे मैदान भरतीच्या पातळीच्या जवळपास होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, चिखल होई आणि विमान उतरवणे अशक्य होई. तेव्हा टाटांची टपाल-सेवा पावसाळ्यापुरती पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवली जाई. मैदान वापरण्याजोगे नसेल तर हट्ट न करता दुसरीकडे जायचे, हा शहाणपणा मुंबईच्या पावसाने उड्डाणवाल्यांना सुरुवातीलाच शिकवला.

क्लबांच्या या हौशी जगाला कायद्याची चौकट आली ती 1934 च्या विमान कायद्याने आणि 1937 च्या विमान नियमांनी. हाच जुना कायदा जवळजवळ नव्वद वर्षे चालला. 1 जानेवारी 2025 पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली.

बायकांनाही या क्लबांच्या काळाने आकाश मोकळे केले. 1932 साली मुंबईच्या उर्मिला पारीख यांना वैमानिकाचा ‘ए’ परवाना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. 1936 मध्ये लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून एकट्याने मॉथ उडवले. आमच्या मराठवाड्याची राजधानी तेव्हा हैदराबाद होती आणि त्याच हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने प्रेम माथुर यांना व्यावसायिक वैमानिक म्हणून घेतले. 1980 च्या दशकात कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांनी चालवलेले प्रवासी विमान उडाले. ही सगळी नावे एका क्लबची नाहीत. पण मुलगी विमान चालवू शकते हे लोकांनी आधी क्लबांच्या मैदानांवरच पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात देशभरातल्या क्लबांनी हवाई दलासाठी तरुणांना प्राथमिक प्रशिक्षण दिले. त्याच काळात सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला आणि स्वातंत्र्यानंतर प्रवासी वाहतूक जुहूहून तिकडे गेली. जुहू लहान विमानांकडे उरले. पण दोन विमानतळ इतके जवळ आणि त्यांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी, यातून दोन प्रसिद्ध चुका घडल्या. 15 जुलै 1953 रोजी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट हे जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने तीच चूक केली आणि ते छोट्या धावपट्टीवरून पुढे निघून गेले. दोन्ही विमानांचे वैमानिक कसलेले होते. अनुभवी माणसाचे डोळेसुद्धा जे पाहायचे ठरवून आले आहेत तेच पाहतात, हे या घटनांतून शिकावे. म्हणूनच शिकाऊ वैमानिकाला होकायंत्रावरचा आकडा आणि धावपट्टीवर रंगवलेला आकडा ताडून पाहायची सवय लावतात.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत क्लबांचे जग ‘पुष्पक’वर चालले. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात बनलेले हे दोन आसनी विमान 1958 मध्ये प्रथम उडाले. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, वर एकच पंख, पोलादी नळ्यांवर ताणलेले कापड. सरकार क्लबांना उड्डाणाच्या तासांवर अनुदान देई. त्यामुळे मध्यमवर्गातली मुलेही या क्षेत्रात येऊ शकली. जुने वैमानिक पुष्पकबद्दल आजही जिव्हाळ्याने बोलतात. पुढे अमेरिकन सेस्ना आली, 152 आणि 172, आणि आज महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत ती दिसते.

जुहूभोवती मुंबई वाढत गेली. चहूबाजूंनी इमारती उठल्या. समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे इथून उडू लागली आणि डोक्यावर सांताक्रूझची मोठी विमाने. शिकाऊ माणसाने वर्तुळे घालत दहा-दहा वेळा उतरण्याचा सराव करावा अशी जागा ती राहिली नाही. क्लबने उड्डाणाची शिकवणी धुळ्याला, गोंदूरच्या धावपट्टीवर नेली. जुहूशी भावनिक नाते असलेल्या सदस्यांना हे जड गेले असणार. तरीही क्लबच्या इतिहासातला हा फार शहाणा निर्णय आहे असे मला वाटते. येरवड्याला जाण्यामागे जो विचार होता, तोच इथेही होता.

आता त्या शिकवणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातून जाणारी मुले नेमके हेच शिकणार आहेत.

सकाळी विमान बाहेर काढले की त्याच्याभोवती एक फेरी मारायची. पंखांच्या टाक्यांखालच्या झडपेतून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात घ्यायचे. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. पाणी शिरले असेल तर ते तळाशी बिनरंगी थेंबाच्या रूपात दिसते. रात्रभर अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ निवून तिचे पाणी होते आणि तळाशी साचते. ते इंजिनात गेले तर इंजिन बंद पडते, आणि बहुधा नेमके उडाल्यावर. मग चेकलिस्ट, म्हणजे तपासणीची यादी. तिचा जन्म 30 ऑक्टोबर 1935 च्या अपघातातून झाला. अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे नवे बॉम्बर चाचणीसाठी उडाले. जमिनीवर असताना शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. विमान कोसळले. चालवणारे वैमानिक अत्यंत अनुभवी होते. त्यानंतर ठरले की स्मरणावर विसंबायचे नाही, कागद वाचायचा. आज नव्वद वर्षांनीही पहिल्या दिवशीचा विद्यार्थी आणि वीस हजार तासांचा कॅप्टन दोघेही तो कागद वाचतात.

उडाल्यावर लगेच इंजिन बंद पडले तर? मन म्हणते, मागे वळ, धावपट्टी मागेच आहे. शिक्षक सांगतात, वळू नकोस. कमी उंचीवर, कमी वेगात घट्ट वळण घेतले की पंखावरून हवा नीट वाहत नाही आणि विमान उचलून धरणारे बळ नाहीसे होते. याला स्टॉल म्हणतात. वळणात स्टॉल झाला की विमान गरगर फिरत खाली येते, आणि त्यातून सावरायला लागणारी उंची तिथे नसते. म्हणून नाक खाली, वेग राखायचा आणि समोर, फार तर थोडे डावीकडे-उजवीकडे, जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचे. समोर झुडपे असली तरी चालतील. उतरताना शेवटच्या वळणातही हाच धोका असतो आणि जगभर हलक्या विमानांचे कितीतरी जीवघेणे अपघात याच दोन जागी झाले आहेत.

जास्त उंचीवर इंजिन थांबले तर मात्र निवड करायला वेळ मिळतो. सेस्नासारखे विमान इंजिनाशिवाय हजार फूट उंचीवरून साधारण दीड सागरी मैल तरंगत जाऊ शकते. अशा वेळी खाली काय आहे ते ओळखता आले पाहिजे, आणि इथे आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या मुलाला जन्मजात फायदा आहे. डोंगरकडा परिसरावरून एखादे विमान जात आहे असे समजा. केळीची बाग वरून गालिच्यासारखी सपाट दिसते, पण तिच्यात उतरणे म्हणजे खांबांच्या रांगांत घुसणे. ऊस उंच झाला असेल तर तीच गत. हळदीच्या रानात सरीवरंबे, आणि सरीला आडवे उतरले तर चाक अडकते. सोयाबीन निघून मोकळे झालेले शेत सर्वांत बरे, पण ओल असेल तर काळ्या मातीत पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते. बांध, विहिरी, तुषार सिंचनाच्या नळ्या आणि सगळ्यांत घातक म्हणजे विजेच्या तारा. वरून तार दिसत नाही, खांब दिसतात. म्हणून खांबांची रांग शोधून तार कुठून गेली असेल ते ताडायचे. कुठल्या महिन्यात कुठले रान कसे असते हे ज्याला घरबसल्या माहीत आहे, त्याने हे ज्ञान कमी लेखू नये.

उन्हाळ्याचेही तसेच. तापलेली हवा विरळ होते. पंखांना कमी आधार मिळतो, इंजिनाची ताकद घटते. नांदेडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वा हजार फुटांवर आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा 42 अंशांवर गेला की तिथली हवा विमानाला पावणेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. धावपट्टी तीच, पण उडायला लागणारे अंतर कितीतरी वाढते आणि चढ मंदावतो. उन्हाळ्यात शिकवणीची उड्डाणे पहाटे उरकण्यामागे हे गणित आहे.

आणि ढग. फक्त बाहेर पाहून उडणाऱ्या वैमानिकाने ढगात शिरायचे नाही, हा नियम कितीही वेळा सांगितला तरी कमीच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये यावर एक प्रयोग केला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना क्षितिज दिसणार नाही अशा कृत्रिम स्थितीत टाकले. वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटेही नाहीत. कानातला तोल सांभाळणारा भाग ढगात फसवतो. विमान वळते आहे आणि माणसाला ते सरळ चालल्यासारखे वाटते. सातपुडा आणि सह्याद्रीच्या पावसाळी आभाळाखाली शिकणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

अपघात आपल्या राज्यातही झाले आहेत, आणि संस्थेच्या इतिहासात ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. 16 जुलै 2021 रोजी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरात शिकवणीचे एक विमान कोसळले. शिक्षक गेले, शिकाऊ तरुणी जखमी झाली आणि आसपासच्या आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून तिला डोंगरातून खाली आणले. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीजवळ एक सेस्ना शेतात पडली. आत एकटी शिकाऊ तरुणी होती, ती वाचली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन अपघात झाले. ही विमाने या क्लबची नव्हती. पण शिकणारी मुले त्याच वयाची होती आणि आकाशही तेच. 2012 पासून देशात विमान अपघातांची चौकशी करणारा स्वतंत्र विभाग आहे. त्याचे अहवाल सर्वांना वाचता येतात. शिक्षा देण्यासाठी ते लिहिलेले नसतात, पुढचा अपघात टळावा यासाठी लिहिलेले असतात. प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचायला हवेत. माझे तर मत आहे की क्लासरूममध्ये ते पाठ्यपुस्तकाइतक्याच गंभीरपणे घ्यावेत.

या क्लबने अलीकडे दिलेले सर्वांत ठळक नाव मुंबईच्या आरोही पंडित यांचे. त्यांनी इथेच प्रशिक्षण घेतले. मे 2019 मध्ये ‘माही’ नावाच्या सायनस 912 या हलक्या क्रीडा-विमानातून त्यांनी एकटीने अटलांटिक ओलांडला. अशा विमानातून तो ओलांडणारी जगातली पहिली स्त्री. स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंड आणि मग कॅनडा. त्या मोहिमेत हवामानासाठी थांबणे हे उडण्याइतकेच महत्त्वाचे काम होते. 15 ऑक्टोबर 2021 रोजी त्यांनी जेआरडींच्या पहिल्या टपाल-फेरीची आठवण जागवली. कराची आता परदेशात, म्हणून त्या भूजहून निघाल्या. 1971 च्या युद्धात भूजजवळच्या माधापरच्या बायकांनी रात्रंदिवस खपून दुरुस्त केलेल्या धावपट्टीवरून उडाल्या, अहमदाबादला उतरल्या आणि जुहूला पोचल्या. जेआरडींनी स्वतःही 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, लेपर्ड मॉथमधून कराची–जुहू हा प्रवास पुन्हा केला होता.

आपल्याकडची जी मुले या वाटेने जाऊ पाहतात त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. निव्वळ हौशीसाठीचा खासगी परवाना सतराव्या वर्षापासून मिळू शकतो आणि त्याला किमान 40 तासांचे उड्डाण लागते. नोकरीसाठीच्या व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात. खर्च लाखांत जातो, आणि कित्येक घरांत त्यासाठी जमीन गहाण पडते. तेव्हा फी भरण्याआधी पालकांनी जरूर विचारावे : चालू स्थितीतली विमाने किती, शिक्षक किती, देखभाल करणारे इंजिनिअर तिथेच असतात का, आणि खराब हवामानाच्या दिवशी उड्डाण रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी बोलते का. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही पाहावी. पण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर श्रेणीत मिळत नाही. त्यासाठी तिथे जाऊन शिकणाऱ्या मुलांशीच बोलावे लागते.

शताब्दीसाठी क्लबकडे एक मागणी करावीशी वाटते. जुन्या सदस्यांच्या घरी लॉगबुके पडून असतील. त्यांच्या शेऱ्यांच्या रकान्यात ‘हवामानामुळे परत’, ‘इंजिन खडखडले, उतरलो’, ‘वारा आडवा, पुन्हा फेरी मारली’ अशा नोंदी सापडतील. विक्रमांच्या छायाचित्रांइतकीच त्या पानांना शताब्दी ग्रंथात जागा मिळावी. पिवळी पडलेली ती पाने वाळवी लागण्याआधी गोळा करायला हवीत, आणि त्यासाठी हाताशी दोन-अडीच वर्षांहून जास्त वेळ नाही.